पंखा आणि रेडिएटर यांच्यामधली इंचभर पोकळी

टिश्यू पेपरची एक बारीक पट्टी काडीच्या टोकाला चिकटवा. कॉम्प्युटरचा साधा १२० मिलिमीटरचा पंखा चालू करा आणि वारा ज्या बाजूने बाहेर पडतो त्या बाजूला, पंख्यापासून जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरवर, ती काडी हळूहळू फिरवा. पात्यांसमोर पट्टी जोरात फडफडते. कोपऱ्याकडे नेली की ढिली पडते. मधोमध, मोटरची गोल चकती असते तिथे आणली की चक्क लोंबकळते, कधी कधी तर उलटी मोटरकडेच ओढली जाते. आता काडी इंच-दीड इंच लांब घ्या आणि तोच फेरा पुन्हा मारा. फरक राहतो, पण पहिल्याइतका ठळक राहत नाही.

कॉम्प्युटर पाण्याने थंड ठेवणारे वॉटर कूलिंगवाले ज्याला श्राउड म्हणतात ती वस्तू या इंच-दीड इंचासाठीच असते. पंखा आणि रेडिएटर (पाण्यातली उष्णता हवेत सोडणारा भाग) यांच्यामध्ये बसणारी, दोन्ही तोंडं उघडी असलेली पेटी. तिच्यात ना मोटर, ना वायर. तरीही ती नीट केली तर उपयोग होतो, आणि कशीतरी केली तर नसलेली बरी.

आधी थोडं गणित. १२० मिमी पंख्याचा चौकोन म्हणजे १४४ चौरस सेंटिमीटर. पाती ज्या वर्तुळात फिरतात त्याचा व्यास साधारण ११४ मिमी, आणि मधल्या मोटरचा ४० मिमीच्या आसपास. वर्तुळातून मोटर वजा केली की पात्यांच्या खाली येणारी कडी उरते जेमतेम ९० चौरस सेंटिमीटरची. म्हणजे चौकोनाचा ६२ टक्के भाग. उरलेल्या ३८ टक्क्यांत मोटरचा वाटा लहान, तेरा चौरस सेंटिमीटरच्या आत. खरी जागा चार कोपऱ्यांत जाते, सुमारे ४२ चौरस सेंटिमीटर. श्राउडची चर्चा निघाली की सगळे मोटरमागच्या मेलेल्या जागेबद्दल बोलतात आणि तिच्या तिप्पट मोठ्या कोपऱ्यांना विसरतात. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

रेडिएटरच्या दृष्टीने हे का महत्त्वाचं? रेडिएटरमध्ये पाण्याच्या चपट्या नळ्या समांतर असतात आणि दोन नळ्यांच्या मध्ये नागमोडी दुमडलेली पातळ पत्र्याची पट्टी, म्हणजे फिन्स. हवा फिनच्या फटीत एकदा शिरली की जवळजवळ सरळ पलीकडे निघते. आत गेल्यावर शेजारच्या रिकाम्या भागाकडे सरकायला तिला वाट नसते, कारण नळ्या आडव्या येतात. त्यामुळे हवा कुठे किती जाणार याचा निकाल रेडिएटरच्या तोंडावरच लागतो.

पाण्याचं मात्र उलट आहे. समजा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मिळून ३०० वॉट उष्णता पाण्यात टाकत आहेत आणि पंप मिनिटाला चार लिटर पाणी फिरवतो. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ४,१८६ जूल लागतात. हिशेब केला तर रेडिएटरमध्ये शिरणारं आणि बाहेर पडणारं पाणी यांच्या तापमानात जेमतेम एका अंशाचा फरक निघतो. थोडक्यात, रेडिएटरचा कोपरा न् कोपरा जवळपास सारखाच गरम असतो. ज्या कोपऱ्यात हवा पोचत नाही तोही तेवढ्याच उष्णतेने भरलेला असतो, फक्त ती घेऊन जायला कुणी येत नाही.

आता हवेची बाजू. एक घनमीटर हवा एका अंशाने तापायला सुमारे १,२०० जूल घेते. ३०० वॉट वाहून न्यायचे आणि हवा दहा अंशांनी तापू द्यायची, तर सेकंदाला २५ लिटर हवा हवी, तासाला ९० घनमीटर. ही सगळी हवा पूर्ण तोंडातून जाण्याऐवजी ६२ टक्के भागातूनच गेली तर तिथला वेग १.६ पट होतो. वेग वाढला की फिन्समधला अडथळा वाढतो, अडथळा वाढला की पंखा मुळात कमी हवा देतो, आणि जी जाते तिला फिन्सशी सलगी करायला वेळही कमी मिळतो. प्रत्यक्षात चित्र इतकं वाईट नसतं. रेडिएटरच्या कडेची पट्टी आणि फिन्स यांच्यामध्ये काही मिलिमीटरची मोकळी जागा बहुतेक वेळा असतेच आणि हवा तेवढ्यात थोडी पसरते. श्राउड याच जागेची खोली वाढवतो.

पेटीत नेमकं काय घडतं? पात्यांवरून सुटलेला झोत वेगवान असतो आणि पिळा घेत येतो. समोर लगेच फिन्स आल्या तर तो तिरका आदळतो आणि ताकदीचा काही भाग तिथेच वाया जातो. मध्ये जागा मिळाली की झोत मंदावतो, पिळा थोडा सुटतो आणि वेगातला काही भाग दाबात बदलतो. झोताला दिशा असते, दाबाला नसते. पेटीतला दाब जवळपास सगळीकडे सारखा झाला की हवा कोपऱ्यातल्या फिन्समधूनही तितक्याच राजीखुशीने जाते. गंमत म्हणजे इथे रेडिएटरचा अडथळाच मदतीला येतो. हवेला पलीकडे निसटणं सोपं नसल्यामुळे ती पेटीत तुंबते आणि आपसूक पसरते.

पंखा हवा ढकलतो की ओढतो यावरही बरंच अवलंबून आहे. ढकलणाऱ्या पंख्याची हवा झोताने सुटते, ओढणारा पंखा ती चहूबाजूंनी गोळा करतो. त्यामुळे ओढणाऱ्या पंख्यामागे पोकळी असली तर रेडिएटरच्या तोंडावर हवा जास्त सारखी वाटली जाते. आवाजातही फरक पडतो. पात्यांच्या हवा घेणाऱ्या बाजूला अगदी जवळ काही अडथळा असला की हवा खडबडीत होऊन पात्यांवर येते आणि प्रत्येक पातं तिच्यातून जाताना गुणगुणतं. रेडिएटरला चिकटवून बसवलेला ओढणारा पंखा म्हणूनच जास्त घूं-घूं करतो. मध्ये इंचभर अंतर दिलं की सूर बसतो. माझं स्पष्ट मत असं की श्राउडचा सगळ्यात जाणवणारा फायदा तापमानात नाही, या आवाजात आहे. तापमानात एखाद-दोन अंश मिळाले तर समाधान मानावं.

किती खोल करायचा? २५ मिमीपासून फरक पडू लागतो, ३५-४० मिमीपर्यंत तो वाढत जातो, त्यापुढे जागा फार खाल्ली जाते आणि हाती फारसं लागत नाही. ३० मिमी जाडीचा रेडिएटर, २५ मिमी श्राउड आणि २५ मिमी पंखा म्हणजे कॅबिनेटमध्ये ८० मिमी गेले. पट्टी लावून हे आधी मोजा. मदरबोर्डवरची मेमरी किंवा प्रोसेसरची पॉवर केबल आड येणार असेल तर ते आधीच कळलेलं बरं.

या प्रकाराचा उगम हौशी आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस आणि २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत कॉम्प्युटरसाठी तयार रेडिएटर सहज मिळत नव्हते, तेव्हा अमेरिकेतले हौशी लोक मोटारीच्या हीटरचा गाभा काढून वापरत. पाँटिअ‍ॅक बॉनव्हिल आणि शेवरोले शेवेट या गाड्यांचे हीटर कोअर त्यांच्यात विशेष प्रसिद्ध होते. त्यांना कॉम्प्युटरचा पंखा बसवायची भोकं असण्याचा प्रश्नच नव्हता, मापही कुठल्याच पंख्याशी जुळत नसे. पेटी करण्याखेरीज इलाज नव्हता. हवा सुधारते हे बोनस म्हणून मिळालं.

आजच्या प्रमाणित रेडिएटरसाठी सगळ्यात स्वस्त श्राउड म्हणजे मेलेला पंखा. त्याची चौकट मापात असते: २५ मिमी जाड, भोकांमधलं अंतर १०५ मिमी. काम असं करायचं. पंख्याच्या मागचा स्टिकर सोलला की रबराचं किंवा प्लॅस्टिकचं झाकण दिसतं, त्याखाली दांड्यावर बसलेली चीर असलेली बारीक चकती. ती सुईच्या टोकाने उचकटली की पाती समोरून ओढून निघतात. ही चकती हमखास उडते आणि सापडत नाही, पण इथे ती हवीच कुणाला आहे! मोटर तीन-चार दांड्यांवर तोललेली असते. त्या दांड्या चौकटीच्या अगदी लगत निपरने कापायच्या, वायरची दांडी जाड असल्याने तिला दोन घाव लागतात. मग उरलेले खुंट अर्धगोल कानशीने आतल्या भिंतीशी सपाट करायचे. या पायरीचा कंटाळा करू नका. हवेच्या वाटेत उभे राहिलेले खुंट शिट्टीसारखा आवाज करू शकतात, आणि श्राउड बसवल्यावर आवाज वाढला अशी तक्रार असेल तर मी आधी तिथेच बघेन.

फक्त एक गोष्ट समजून घ्या. पंख्याच्या चौकटीची आतली बाजू गोल असते. म्हणजे मेलेल्या पंख्याचा श्राउड मोटरमागची जागा भरून काढतो, पण कोपऱ्यांना तो प्लॅस्टिकने झाकूनच ठेवतो. ४२ चौरस सेंटिमीटरचा प्रश्न तसाच. रेडिएटरची स्वतःची चार-पाच मिलिमीटरची पोकळी असेल तर थोडी हवा तिथे वळते, नाहीतर नाही. कोपरेही हवे असतील तर आतून चौकोनी पेटी करावी लागते, आणि ती करणं तसं अवघड नाही.

साहित्य काय घ्यावं यावर लोक तासन् तास वाद घालतात. ३ ते ५ मिमीची अ‍ॅक्रिलिक शीट दिसायला छान, पण ड्रिल करताना घाई केली की तडकते. पीव्हीसीची फोम शीट कटरने कापता येते, हलकी असते आणि कंपनं थोडी गिळते, म्हणून पहिल्या प्रयत्नाला तीच बरी. पातळ अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा वाकवून केलेली पेटी मजबूत होते, पण कडा नीट दुमडल्या नाहीत तर खणखणते. थ्रीडी प्रिंटर असेल तर काम सोपं, मात्र पीएलए प्लॅस्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं. कूलिंगचं पाणी सहसा तिथवर जात नाही, तरी सतत कोमट हवा आणि स्क्रूचा ताण यांनी पीएलए महिनोन् महिने हळूहळू बसत जातं. पीईटीजीला साधारण ८० अंशांपर्यंत भीती नाही. आणि काही सुचत नसेल तर आधी जाड पुठ्ठ्याची पेटी करून टेपने बसवा. दोन दिवस चालवून उपयोग दिसला, तर मग पक्की करा.

पेटीच्या चार भिंती गुण्याला लावून काटकोनात आहेत ना ते पाहा. पंख्याच्या बाजूला एक सपाट पाट लागतो आणि त्यात पात्यांच्या वर्तुळाएवढं भोक. भोकाचा व्यास पंख्याच्या आतल्या व्यासापेक्षा एक-दोन मिलिमीटर मोठा ठेवा. लहान ठेवलात तर पाटाची कड पात्यांच्या टोकासमोर येते, आणि पंख्याचं सगळ्यात जास्त काम नेमकं टोकाकडेच होत असतं. स्क्रूच्या भोकांसाठी पंखाच पाटावर ठेवून पेन्सिलने खुणा करा, पंचने टोचा, मग ड्रिल मारा. हे सगळं रेडिएटर आणि कॉम्प्युटर यांच्यापासून लांब. धातूचा एक कीस मदरबोर्डवर पडला तर श्राउडने वाचवलेले दोन अंश फार महागात पडतील.

स्क्रूंबद्दल जरा जास्त बोलायला हवं, कारण या कामात खरं नुकसान तिथेच होतं. रेडिएटरची भोकं एम-३, एम-४ किंवा ६-३२ आट्यांची असतात. एम-३ आणि ६-३२ दिसायला जवळपास सारखे. पहिले दोन-तीन फेरे बोटांनी सहज फिरत नसतील तर स्क्रू चुकीचा आहे, तिथे स्क्रूड्रायव्हरने जोर लावायचा नाही. लांबीचा हिशेब: पंखा २५, श्राउड २५ आणि रेडिएटरच्या पत्र्यात चार-पाच, म्हणजे साधारण ५५ मिमी. त्याहून लांब स्क्रू घेतला तर काही रेडिएटरमध्ये भोकाच्या बरोबर खाली पाण्याची नळी असते. तिथे स्क्रूचं टोक पोचलं की रेडिएटर भंगारात. स्क्रू आरपार घातल्यावर श्राउडच्या तळातून किती बाहेर डोकावतो ते पट्टीने मोजा, जास्त असेल तर डोक्याखाली वॉशर घाला. चौकटीचे कोपरे उघडे असलेला मेलेला पंखा असेल तर आणखी सुरक्षित वाट आहे: खालच्या पट्टीतून आखूड स्क्रूने चौकट रेडिएटरला बसवायची आणि वरच्या पट्टीला नट-बोल्टने पंखा. लांब स्क्रूची गरजच उरत नाही.

यानंतर येते गळती, आणि माझ्या मते खोलीपेक्षा हिला जास्त मान द्यायला हवा. पेटी आणि रेडिएटर यांच्यामध्ये चारही बाजूंनी फक्त एक मिलिमीटरची फट राहिली, तर १२० मिमीच्या चार बाजूंचं मिळून जवळपास पाच चौरस सेंटिमीटरचं भोक झालं. फिन्समधून जायला अडथळा, फटीतून जायला काहीच नाही. हवा कुठून जाईल हे सांगायला नको. ओढणाऱ्या पंख्यात ही चोरी कळतही नाही. पंख्यासमोर हात धरला तर झोत भरपूर लागतो, आपण खूश होतो, आणि त्यातली बरीच हवा रेडिएटरला न शिवता आलेली असते. दारं-खिडक्यांना लावतात ती बंद पेशींची फोमची चिकट पट्टी दोन्ही तोंडांना लावा. स्क्रू आवळल्यावर ती निम्मी दबली पाहिजे. पेटीचे आतले सांधे सिलिकॉनने भरा आणि सिलिकॉन पूर्ण सुकू द्या. तपासायला सुरुवातीची काडीच पुन्हा घ्या: पट्टी सांध्यांच्या कडेने फिरवा, जिथे हलेल तिथे गळती.

२४० किंवा ३६० मिमीच्या, म्हणजे दोन-तीन पंखे बसणाऱ्या रेडिएटरला एकच लांब पेटी करायचा मोह होतो. करा, पण पंख्यांच्या मध्ये आडवी भिंत घाला. भिंत नसेल आणि एक पंखा बंद पडला, तर दुसरा पंखा रेडिएटर सोडून त्या बंद पंख्याच्या भोकातूनच हवा ओढत किंवा ढकलत बसतो. भिंत असली तर एका पंख्याचं नुकसान एका पंख्यापुरतं राहतं.

माप न जुळणाऱ्या गाभ्यासाठी निमुळता श्राउड करायचा असेल तर पंखा ओढणाराच ठेवा. मोठ्या तोंडाकडून लहान तोंडाकडे येणारी हवा तक्रार करत नाही. लहानाकडून मोठ्याकडे जाताना मात्र भिंत प्रत्येक बाजूला साधारण सात अंशांपेक्षा जास्त पसरली की हवा भिंतीला सोडून देते आणि कडेला नुसते भोवरे उरतात. १२० मिमीच्या पंख्यापासून १८० मिमी रुंद गाभ्यापर्यंत प्रत्येक बाजूला ३० मिमी पसरायचं, तर सात अंशांच्या हिशेबाने २४ सेंटिमीटर लांब पेटी लागेल. एवढी जागा कुठल्या कॅबिनेटमध्ये आहे?

काम झाल्यावर मोजताना प्रोसेसरचं तापमान पाहून निष्कर्ष काढू नका. ते क्षणोक्षणी उड्या मारतं. पाण्याचं तापमान आणि रेडिएटरमध्ये शिरणाऱ्या हवेचं तापमान यांच्यातला फरक मोजा. पंख्याचा वेग तोच, कामाचा भार तोच, आणि पाणी स्थिर व्हायला किमान अर्धा तास. कॅबिनेटमधली तापलेली हवाच फिरून रेडिएटरकडे येत असेल तर श्राउड कितीही देखणा असो, आकडा हलणार नाही. आधी तो मार्ग बंद करा. पंखे मुळातच मिनिटाला २,००० फेऱ्यांच्या पुढे पळवत असाल तरी श्राउडचा खटाटोप फारसा फळत नाही. ८००-१,००० फेऱ्यांवर शांत चालवणाऱ्यांसाठी ही गोष्ट आहे. तिथे पंख्याचा दाब कमी असतो आणि त्यातला थोडासा भाग वाया गेला तरी जाणवतो.

राहता राहिली धूळ. ढकलणाऱ्या पंख्याच्या श्राउडमध्ये धुळीची गादी फिन्सवर जमते आणि पेटीमुळे ती बाहेरून दिसत नाही. अशा पेटीची एक भिंत दोन स्क्रूंवर काढता येईल अशी ठेवा. ओढणाऱ्या मांडणीत धूळ रेडिएटरच्या उघड्या तोंडावर बसते, मऊ ब्रश फिरवला की झालं. दाबाच्या हवेने साफ करत असाल तर कॉम्प्युटर बंद करून पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर ती भलत्या वेगाने फिरून बेअरिंगची वाट लावतात.